तिथी माझी, वाट त्यांची

पाणी छातीशी आलं तेव्हा मी वैशालीच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. तिच्या खांद्यावर सहा वर्षांची आफ्रीन होती. एका हाताने पोरीला आणि दुसऱ्या हाताने मला धरून तिला पुढे सरकता येत नव्हतं. खाडीत शिरणारं पाणी आम्हाला बाजूने ढकलत होतं. वैशालीचा पाय एकदा सरकला, पोरीचं तोंड पाण्याखाली जाऊन वर आलं. ते बघितलं आणि मी हात ओढून घेतला.

"आत्या, काय करतेस? धर हात."

"पोरगी परक्याची हाय. आधी ती पोचव."

"आणि तू?"

"मी खुंट धरलाय. तू चल."

वाटेच्या कडेला जाळी बांधायला लाकडी खुंट रोवलेले असतात. त्यातला एक माझ्या हाताला लागला होता. बेट मागे राहिलं होतं, किनारा पुढे होता, आणि दोन्ही सारखेच लांब दिसत होते. वैशालीला पोहता येत नाही. मला तर नाहीच.

तिथपर्यंत कशी पोचले ते आता सांगते.

वैशाली माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बेटावरच्या शाळेत मास्तरीण होऊन तिला वर्ष झालं. दिवाळीला आली ती दोन दिवसांत परत गेली. भाऊ मला म्हणाला, "आक्का, तू जाऊन बघ. पोर एकटी राहते, काय खाते, कोणाच्यात बसते, काय कळत न्हाय. आणि बदली मागायला सांग." मी चौथी शिकलेली, पण एसटीची पाटी वाचता येते. आमच्या गावाहून, तळ्याहून निघाले, मध्ये गाडी बदलली, आणि दुपारी खाडीच्या धक्क्यावर उतरले.

समोर बेट दिसत होतं. नारळी, थोडी कौलं, एक मशीद, कोळ्यांचं एक देऊळ, बाकी झाडी. आमच्या भातखाचरांपेक्षा थोडंच मोठं असेल असं वाटलं. होडीवाल्याचं नाव दाऊदचाचा. त्याने माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "आजी, काय भरलंय? चिरे?"

"तांदूळ हायत."

"बेटावर तांदूळ मिळतो."

"आमच्या शेतातला मिळत न्हाय."

त्याने वल्हं उचललं. बेटाच्या धक्क्याला उतरताना माझी एक चप्पल पाण्यात गेली. ती त्याने वल्ह्याने काढून दिली आणि म्हणाला, "मॅडमची आत्या ना? पैसे न्हाय घेणार." मी दिले. मॅडमची आत्या म्हणून फुकट कशाला बसायचं.

वैशाली हाजराबीच्या घराच्या पडवीतल्या खोलीत राहते. हाजराबी माझ्याच वयाची, जाड भिंगाचा चष्मा, तोंडाने तिखट. तिचा मुलगा कतारला, सून शमीम आणि नात आफ्रीन घरी. शमीम वैशालीएवढीच. चारचौघांत ती तिला "मॅडम" म्हणते आणि घरात "वैशू". पहिल्या रात्री तिने सांदण (तांदूळ आणि नारळाच्या रसाची उकडलेली वडी) आणि जवळ्याचं सुकं केलं. सांदण मला आवडलं. जवळ्यात मीठ जास्त होतं, तसं मी सांगितलं. हाजराबी म्हणाली, "सांग गो, आणखी सांग. मी सांगते तवा सून रुसते." शमीम माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, आता एकीचं ऐकत होते, उद्यापासून दोघींचं." आणि पानात आणखी वाढलं.

बेटावर फोनला रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते. त्यामुळे शमीमचा नवरा कतारहून बोलतो तो शाळेच्या पायरीवर बोलतो, आणि भांडतोही तिथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बघितलं. शमीम फोन हातात धरून बसली होती, शेजारी वैशाली वह्या तपासत होती. नवरा काहीतरी वाकडं बोलला असावा. शमीमने फोन सरळ वैशालीच्या तोंडासमोर धरला. वैशाली वर न बघता म्हणाली, "भाईजान, मी ऐकतेय. नीट बोला." तिकडून आवाज लगेच मऊ झाला. दोघी फोन बंद झाल्यावर पोट धरून हसल्या. मग शमीमने तिच्या केसांना तेल लावलं. माझी भाची घरी कोणाला केसांना हात लावू देत नाही.

हाजराबी मला म्हणाली, "तुझी पोरगी दिवसा पोरं शिकवते आणि संध्याकाळी माझ्या लेकाचा संसार चालवते."

"पगार एकाचाच मिळतो," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी सगळी माणसं चंद्र बघायला किनाऱ्यावर गेली. आम्हीही गेलो. ऊन गेल्यावर पश्चिमेला कोर दिसली, नखाएवढी. आफ्रीनने सगळ्यात आधी बोट दाखवलं. हाजराबीने हात उचलून दुवा मागितली आणि म्हणाली, "चाँद झाला. उद्या पहिली."

मी म्हटलं, "उद्या तीज. ही दुजेची कोर हाय."

"तुमची असंल," ती म्हणाली. मी वाद घातला नाही. वाटलं, हा ज्याच्या त्याच्या धर्माचा हिशोब.

शाळा एका खोलीची आहे, पहिली ते चौथी सगळी मुलं एकत्र. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी मागे जाऊन बसले. प्रार्थना झाल्यावर वैशालीने फळ्यावर तारीख लिहिली आणि विचारलं, "वाट कधी?" ही वाट म्हणजे समुद्र ओसरला की बेटापासून किनाऱ्यापर्यंत उघडी पडणारी वाळूची पट्टी. अमावास्या-पुनवेच्या आसपास चारसहा दिवस ती चालता येते, आणि किती वाजता बेट सोडायचं ते रोज मुलं काढतात. त्यासाठी पाऊणकी पाठ पाहिजे. चंद्राचा कितवा दिवस तो आकडा पाऊणपट करायचा, त्यात सहा मिळवायचे, तेवढ्या वाजता निघायचं. त्यानंतर नाही.

पाऊणकी मला गुरुजींनी छडीने शिकवली होती, अजून येते. वैशालीने मला पुढे बोलावलं. मी म्हणाले आणि पोरं मागून म्हणाली: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. इतक्या वर्षांनी कोणी मला काही म्हणायला लावलं. मी दहापर्यंत थांबले नाही.

आफ्रीन उठून म्हणाली, "दादी म्हणते आज एक."

"आज तीन," मी म्हटलं. "तीज हाय."

पोरगी वैशालीकडे बघायला लागली. वैशाली हसली आणि म्हणाली, "आत्या, इथं असंच असतं. एकच." आणि तिने एकच धरून फळ्यावर वेळ लिहिली. मी जागेवर जाऊन बसले. मनात म्हटलं, मास्तरीण झाली, तिथी कळत नाही.

दुपारी भरती होती तेव्हा बेटावरची बहुतेक माणसं होड्यांतून किनाऱ्यावरच्या गावाला गेली. दाऊदचाचाच्या पुतणीचं लग्न होतं, आणि बेटावर सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. शमीम आणि हाजराबीही गेल्या. आफ्रीनचं अंग थोडं गरम होतं, ती म्हणाली मी मॅडमजवळ राहते. शमीमने तिला तशीच सोडली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं, पण ते पोरीसाठी होतं की वैशालीसाठी कोण जाणे. ठरलं असं की रविवारी सकाळी आम्ही तिघींनी वाटेने चालत यायचं, लग्नाचं जेवायचं, आणि मी तिथूनच एसटीने घरी जायचं.

रात्री मी वैशालीला बदलीचं बोलले. ती म्हणाली, "आत्या, मला इथं कोणी त्रास देत न्हाय. उलट मला ताप आला तेव्हा शमीम तीन रात्री जागली." मी म्हटलं, "ताप घरीही येतो." ती झोपली. मला झोप लागायला वेळ लागला.

रविवारी चतुर्थी. मला उपास असतो, तेव्हा तिथीत माझी चूक होणं शक्य नव्हतं. पोरीचा ताप उतरला होता. वैशाली लवकर उठून आवरायला लागली. मी म्हटलं, "घाई कशाला? चार पाऊण तीन, आणि सहा, नऊ. नऊला निघू."

"शमीमला फोन करून विचारू का? पायरीवर जाऊन येते."

"लग्नघरातल्या बाईला कशाला सतावतेस? मला येते पाऊणकी."

वर्षभर तिला वाटेची वेळ शमीम सांगत आली होती, नाहीतर शाळेतली पोरं; आकडा कुठून येतो ते तिने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी शाळा बंद, शमीम पलीकडे. आणि आत्या सांगते म्हटल्यावर तिने ऐकलं. लहानपणापासून ऐकत आलीय.

मी अंघोळ केली, गणपतीचं नाव घेतलं, साबुदाणा खाल्ला. नऊला निघालो. वाळू ओली पण घट्ट होती, चालायला बरी. आफ्रीन पुढे पळत खेकडे बघत होती. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे मी सावकाश. किनाऱ्यावर मांडव दिसत होता, बेंजो ऐकू येत होता. अर्ध्याच्या जरा पुढे वाट खोलगट आहे. तिथे पोचलो तर पाणी पोटरीला लागलं.

आफ्रीन थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी परत येतंय."

वैशालीने मागे बघितलं. आम्ही आलो ती वाळूही काही ठिकाणी दिसेनाशी झाली होती. "पुढंच चल," मी म्हटलं. पुढे गेलो ते गुडघ्याला, मग मांडीला. भातलावणीत मी जन्म काढला, पाण्याचं मला कधी भय वाटलं नाही. पण खाचरातलं पाणी उभं असतं. हे चालत होतं.

मग जे झालं ते आधी सांगितलंय. वैशाली पोरीला घेऊन पुढे गेली. ती रडत होती आणि जात होती. मी खुंटाला मिठी मारली. हात फार वेळ टिकणार नाहीत हे कळत होतं, म्हणून नऊवारीचा पदर सोडला, खुंटाभोवती आणि माझ्याभोवती दोन वेढे घेतले आणि गुरं बांधतात तशी गाठ मारली. पाणी गळ्याशी आलं. खारं पाणी नाकात गेलं. देव आठवला नाही, खरं सांगते. नजर त्या दोघींच्या डोक्यांवर होती. एक डोकं खाली जायचं, मग दिसायचं.

शमीम किनाऱ्यावर आमची वाट बघत सकाळपासून उभी होती. आठ वाजून गेले तरी आलो नाही, तेव्हा तिला वाटलं आज येत नाहीत, होडी पाठवू. मग तिला आम्ही वाटेवर दिसलो. ती ओरडली आणि लग्नाच्या हिरव्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. ती त्याच पाण्यात वाढलेली. वैशालीपर्यंत पोचली तेव्हा पाणी वैशालीच्या हनुवटीला होतं. शमीमने आधी स्वतःच्या पोरीला धरलं नाही. आधी वैशालीची वेणी धरून तिला उभी केली, मग आफ्रीनला घेतलं. नंतर मी तिला विचारलं, असं का? ती म्हणाली, "आत्या, वैशू पडली असती तर पोरगी कोणाच्या खांद्यावर राहिली असती?"

माझ्याकडे होडी आली. दाऊदचाचा लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत वल्हं मारत होता. ओली गाठ सुटेना. शेवटी एकाने सुरीने लुगडं कापलं. नवीन होतं. "माणूस घ्या आधी," दाऊदचाचा म्हणाला, "लुगडं मी देतो."

किनाऱ्यावर आणून टाकलं तेव्हा आफ्रीन ओकत होती आणि तिचे ओठ काळे पडले होते. शमीम आणि वैशाली तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. बेंजो बंद झाला. बायकांनी मला खोलीत नेऊन हाजराबीची साडी नेसवली. हाजराबी समोर येऊन बसली. 

"कितवी धरलीस?"

"चतुर्थी."

"आज चाँदची दुसरी." तिने बोटांवर मोजलं, दोन पाऊण दीड, आणि सहा, साडेसात. तिची दुसरी, माझी चौथी. दोन दिवसांचा फरक, म्हणजे वाटेवर दीड तास. त्यांचे वाडवडील चाँद मोजून वाट चालत आले, तो हिशोब त्या मोजणीवर बसलेला. "पाणी तुझा उपास बघत न्हाय, बाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझी नात होती तिच्या खांद्यावर."

"ठाऊक हाय."

"मला शिव्या दे."

"पोरगी घरी येऊ दे. मग देईन."

दुपार गेली. लग्न लागलं, पण हळू आवाजात. कोणी मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते शिव्यांपेक्षा जड गेलं. हाजराबीने माझ्यासाठी केळी आणून ठेवली, उपास लक्षात ठेवून. दोघींनीही खाल्ली नाहीत. दारात चप्पल वाजली की दोघी एकदम बघायचो.

ऊन कलल्यावर रिक्षा आली. आधी वैशाली उतरली, मग शमीम. शमीमच्या कडेवर आफ्रीन, हातात बिस्किटाचा पुडा. पोरगी माझ्याजवळ आली, पुडा पुढे केला आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, दादी म्हणते ते."

"व्हय," मी म्हटलं. "सांगितलं होतंस."

मग हाजराबीने मला शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. शमीम आणि वैशाली उंबऱ्यावर एकमेकींना टेकून बसल्या होत्या, दोघींच्या केसांत वाळू, आणि शमीम आपल्या ओढणीने वैशालीचे पाय पुसत होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने तळ्याला आले. भावाने विचारलं, "बदलीचं बोललीस?" मी म्हटलं, "बोलले. आता तूही बोलू नको. पाण्यात शिरणारी माणसं तिला तिथं हायत. इथं आणलंस तर तुझ्या ओळखीतलं कोण शिरंल?" त्याला काही कळलं नाही, मग सगळं सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला.

रविवारी त्या वाटेवर आम्ही तिघी होतो. वैशाली जगली, आफ्रीन जगली, आणि मीही जगले.