शैला उकिडवेंचा मुद्दा क्रमांक एक

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये चौथ्या मजल्यावर राहून सात वर्षांत एकदाही स्वतःच्या बाल्कनीत पाऊल न टाकलेली बाई बघायची असेल, तर शैला उकिडवेंकडे जावं. कपडे वाळत घालतात ते मोहनराव. शैला आतल्या बाजूला, दाराची चौकट धरून उभी राहते आणि फर्मावते, "अहो, टॉवेल नीट झटका. आणि वाकू नका हो तेवढं!" उंचीची तिला भयंकर भीती. माळ्यावरचे डबे या घरात कित्येक वर्षांत खाली आलेले नाहीत. त्यांत काय आहे ते देवालाच ठाऊक.

तर अशी ही बाई २०१६च्या उन्हाळ्यात रोज ऑफिसातून आली की चहाच्या आधी चाळीस मजली इमारतींच्या गच्च्यांवरून उड्या मारायला लागली.

झालं असं, की लेकीने, म्हणजे उर्जाने, शाळा संपल्यावर घरात कन्सोल आणला आणि त्याच्याबरोबर पळापळीचा एक गेम. त्यात एक बाई शहराच्या गच्च्यांवरून धावते, भिंती चढते, पाइपांवरून घसरते, आणि आपल्याला सगळं दिसतं ते तिच्याच डोळ्यांनी. बाई दिसतच नाही. दिसतात तिचे पुढे येणारे हात आणि उडी मारताना क्षणभर तिचे बूट. पहिल्या दिवशी शैला कांद्याची सुरी हातात घेऊन सोफ्यामागे उभी राहिली आणि पाचव्या मिनिटाला सुरी टेबलावर ठेवून म्हणाली, "दे इकडे. बघू."

आठवडाभर तिला गरगरलं. मोहनराव लिंबू-सरबताचा पेला घेऊन शेजारी तयारच.

"अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"अहो, थांबलं की भीती वाटते. पळत राहिलं की नाही वाटत," शैला म्हणाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी असा शोध लागलेली बाई मग कुणाचं ऐकते होय! पाइपावरून चालताना ती सोफ्यावर डावीकडे इतकी कलायची, की मोहनरावांनी त्या बाजूला उशा लावून ठेवल्या होत्या.

आता शैला पोटापाण्यासाठी काय करते, तेही सांगायला हवं. अख्खं गाव गाड्या पळवण्याच्या धंद्यात; शैला त्या थांबवण्याच्या. ब्रेक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती सोळा वर्षं चाचणी विभागात आहे. तिची सही असलेला रिपोर्ट कधी परत आलेला नाही. नव्याने आलेली पोरं तिला टरकून असतात, कारण न मोजलेला आकडा तक्त्यात कुणी भरला, तर ती आवाज न चढवता एवढंच विचारते, "हे तू पाहिलंस, की तुला वाटलं?" पोरगा दोन दिवस जेवत नाही.

तीच शैला शेवटून दुसऱ्या लेव्हलला अडकली. तिथे गच्चीच्या टोकावरून उडी मारून समोरच्या क्रेनची साखळी पकडायची असते. शैलाचा हात साखळीपासून वीतभर अलीकडेच राहायचा आणि बाई खाली जायची. पुन्हा. पुन्हा. दुसरी कुणी असती तर कंट्रोलर आपटला असता. हिने एक्सेल उघडलं. धाव कुठून सुरू केली, कोन किती, वेग किती, बटण केव्हा दाबलं, कुठे पडलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चौसष्ट प्रयत्न, चौसष्ट ओळी. निष्कर्ष असा की ही उडी अशक्य आहे आणि दोष गेमचा आहे.

जर्मनीत इतकी वर्षं काढलेला माणूस अशा वेळी काय करतो? दोषांची यादी करतो आणि पाठवतो. शैलाने गेम बनवणाऱ्यांना सहा पानी पत्र लिहिलं. पहिलं पान निव्वळ कौतुकाचं. धावताना श्वास कसा वाढत जातो, पत्र्यावर आणि सिमेंटवर पावलांचा आवाज कसा वेगळा येतो, एक उडी दुसरीत, दुसरी तिसरीत अशी मिसळली की हात आपलेच वाटायला लागतात. "मला उंचीची भीती आहे, तरीही मी हे लिहिते आहे," असंही एक वाक्य होतं. पुढच्या पाच पानांत बारा मुद्दे. मधूनच पहारेकरी येतात आणि पळायला निघालेल्या माणसाला मारामारी करायला लावतात. पडलं की इतकं मागे नेऊन ठेवतात, की तेच रटाळ संभाषण नवव्यांदा ऐकावं लागतं, आणि ते पुढे ढकलायची सोय नाही. शहर एवढं मोठं आणि जायचा रस्ता मात्र एकच. पण सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मुद्दा क्रमांक एक: क्रेनची उडी सदोष. खाली सही, हुद्द्यासकट.

सप्टेंबर सरता सरता एका शुक्रवारी उत्तर आलं. अत्यंत नम्र. कौतुकाबद्दल आभार, सूचनांबद्दल आभार. मात्र मुद्दा क्रमांक एक आमच्या चाचणीत आढळून आला नाही, शक्य असल्यास व्हिडिओ पाठवावा.

शैलाचा चेहरा उतरला. हे वाक्य तिचं होतं! सोळा वर्षं ती हेच वाक्य लोकांना लिहीत आली होती, आणि ते कुणाला लिहायचं असतं तेही तिला पक्कं माहीत होतं.

"म्हणजे त्यांना वाटतंय, मला येत नाही."

"वाटू दे की," मोहनराव म्हणाले. "गेम तर आहे."

"अहो, सही केलीय मी त्याच्यावर!"

अडचण अशी, की रविवारी दुपारच्या गाडीने उर्जा ड्रेस्डेनला शिकायला निघणार होती, आणि कन्सोल तिचा. म्हणजे व्हिडिओ काढायचा तर त्याच्या आत. नाहीतर दोष गेममध्ये की आपल्यात, हे कळायचा रस्ताच बंद.

रविवारी सकाळी पोहे बाजूला सारून चाचणी सुरू झाली. उर्जाला मराठी सगळं कळतं, पण मधूनच तोंडातून जर्मन निघतं. तरी आईची नाचक्की टळावी म्हणून बिचारी मोबाइल घेऊन उभी राहिली. शिस्त शैलाची: एक व्हिडिओ पडद्याचा, एक हातांचा. पडद्यावर बाई तीनदा पडली.

"बघ! वीतभर! दरवेळी वीतभर! मी म्हणत होते ना?" शैला जवळजवळ खूश झाली होती.

उर्जा हातांचा व्हिडिओ हळू करून बघत होती. तिने तो पुन्हा बघितला. मग म्हणाली, "आई, दू ब्रेम्स्ट."

ब्रेक मारतेस. शैला हसली. "काहीतरीच! पळायच्या दांडीवर अंगठा पूर्ण पुढे दाबलेला आहे माझा."

उर्जाने मोबाइल पुढे धरला. शैलाने चष्मा लावला. अंगठा पुढे, पुढे, पुढे, आणि गच्चीचं टोक जवळ येताच, बटण दाबायच्या आधी, केसभर मागे. दुसऱ्या प्रयत्नात तेच. तिसऱ्यातही तेच. टोकाशी आली की शैला गाडी थांबवत होती.

शैलाने लॅपटॉप ओढला आणि एक्सेल उघडलं. वेगाचा रकाना. पहिल्या ओळीत 'कमाल'. दुसरीत 'कमाल'. पार चौसष्टपर्यंत 'कमाल'. पहिल्या ओळीत लिहून तिने माउसने तो शब्द खालपर्यंत ओढला होता.

"हे मी पाहिलंच नाही," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं."

आता दोष कुठे आहे ते कळलं होतं. पण उडी मारून दाखवल्याशिवाय ते सिद्ध झालं, असं शैला कशी मानेल? गाडीला दीड तास होता. तिने ठरवलं, अंगठा मागे घ्यायचा नाही. टोक आलं, अंगठा मागे आला. पुन्हा ठरवलं. पुन्हा आला. मोहनराव स्वयंपाकघरातून चिकटपट्टी घेऊन आले.

"अंगठा बांधून टाकू का?"

"अहो, चाचणीची मांडणी बदलायची नसते!"

"मग बदल काय करणार?"

"माणूस," शैला म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

उर्जा ओरडली, "क्वाच! काहीतरीच! डोळे मिटून कोण खेळतं?" पण शैला ऐकत होती. कोपऱ्यापासून आधी पत्र्यावरची पावलं, खणखण, मग सिमेंटवरची, धपधप. आणि सिमेंटवर सात पावलं झाली की टोक. टोक दिसलंच नाही तर थांबणार कशाला? पहिल्यांदा ती सहाव्या पावलाला उडाली आणि पडली. दुसऱ्यांदा आठवं पाऊल हवेत पडलं. तिसऱ्यांदा खोलीत फक्त पावलं आणि श्वास ऐकू येत होते. मोहनरावांचा श्वास तर बंदच होता. सात. बटण. साखळीचा खळ्ळकन आवाज आला.

शैलाने डोळे उघडले. समोर साखळीला घट्ट धरलेले दोन हात, आणि खाली चाळीस मजले. ती चक्क खाली बघत राहिली.

"वाआआन्सिन! भन्नाट!" उर्जाने तिला मिठी मारली. तेवढ्यात क्रेनच्या पलीकडून दोन पहारेकरी आले आणि त्यांनी बाईला बदडून खाली टाकलं.

"मुद्दा क्रमांक तीन," शैला शांतपणे म्हणाली.

मोहनराव किल्ल्या वाजवत दारात. उर्जाने तारा काढून कन्सोल टॉवेलात गुंडाळला. पण शैला हलेना. ती टाइप करत होती.

"आई, गाडी चुकेल! उद्या लिही ना!"

"उद्या ऑफिसात मी कुठल्या तोंडाने पोरांचे तक्ते तपासू?"

"पण ते लोक विसरलेसुद्धा असतील. कुणी वाचणारही नाही!"

"मी वाचलंय ना," शैला म्हणाली.

पाचच ओळी होत्या. मुद्दा क्रमांक एक मागे घेत आहे. दोष चाचणी घेणाऱ्या व्यक्तीचा होता. वेग न मोजता नोंदवला गेला. पुरावा म्हणून अंगठ्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. तसदीबद्दल क्षमस्व.

खाली सही केली, हुद्द्यासकट. मग जरा थांबून तिने आणखी एक ओळ घातली आणि पत्र पाठवून दिलं: उरलेले अकरा मुद्दे कायम आहेत.