प्रीॲम्पची तिसरी पिन

घरातल्या एखाद्या यंत्रानं तक्रार केली, तर तुम्ही तक्रारीचं कारण शोधता, की यंत्राचं तोंड बंद करता?

प्रश्न उगाच विचारत नाही. एप्रिलमधली एक सकाळ. नांदुऱ्यातल्या आमच्या दुकानात मधुकरभाऊंनी टूलबॉक्स साफ करायला टेबलावर उलटा केला होता. तारांच्या तुकड्यांत मला पितळेची एक जाड पिन दिसली. कटरनं कापलेली. तीन पिनच्या प्लगला वरच्या बाजूला असते ना, सगळ्यांत जाड आणि लांब, ती.

"ही कोणाची, भाऊ?"

"धामणगाव बढ्याच्या सुभाषरावाची. काल जाऊन आलो. कटकन कापली, स्पीकरचं हमिंग खलास! डोकं खाऊन राह्यला होता मानूस."

मधुकरभाऊ आमचे सीनियर मेकॅनिक. त्यांच्या हाताखालून गेलेला सेट सहसा परत येत नाही. मी डिप्लोमा करून इथे लागले. साऊंड सिस्टीम दाखवायची, विकायची, घरी जाऊन बसवायची, हे माझं काम. सुभाषरावांना प्रीॲम्प निवडून दिला होता तो मीच.

ते बी-बियाण्यांचं दुकान चालवतात आणि गझला ऐकतात. यूट्यूबवर महिनाभर व्हिडिओ पाहून ते आले होते, त्यामुळे डोक्यात नुसता गोंधळ. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करतो तो डीएसी, म्हणजे डॅक. तो सिग्नल नाजूक असतो. त्याला सांभाळून, आवाज कमी-जास्त करून पुढच्या मोठ्या ॲम्प्लिफायरकडे देतो तो प्रीॲम्प. आमचे मालक गोपालशेठ त्यांना सगळ्यांत महागडा डबा दाखवत होते. मी मधल्या किमतीचा पुढे केला. डॅक आतच, पेटी पूर्ण धातूची, प्लग तीन पिनचा. धातूची पेटी नाजूक सिग्नलचं बाहेरच्या खरखरीपासून रक्षण करते. "याच्यापेक्षा जास्त जे पैसे जातील ते कानाला कळणार नाहीत, काका, फक्त पाहुण्यांना दिसतील," मी म्हणाले. शेठ माझ्याकडे रागानं पाहत राहिले. सुभाषराव हसले आणि मधलाच घेऊन गेले.

होळी झाली आणि त्यांचे फोन सुरू झाले. स्पीकर गुरगुरतो. डब्याला हात लावला की चिमटा बसतो. मजा म्हणजे रोज नाही. तीन-चार दिवस गुमान गातो, मग एक दिवस चावतो.

"डब्याले बी मूड असते काय व?" सुभाषरावांनी फोनवर विचारलं होतं.

"तूच दिला ना मधला?" शेठ मला म्हणाले. "महागाचा घेतला असता तं बोंबलला नसता." मी जाऊन पाहते म्हटलं, तर त्यांनी मधुकरभाऊंना पाठवलं. ते गेले, पिन कापून आले.

ही तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. तिची तार भिंतीतून जाते आणि अंगणातल्या खड्ड्यात, जमिनीत खोल पुरलेली असते. यंत्राच्या पेटीत कधी करंट उतरला, तर तो तुमच्या हातातून न जाता या तारेनं जमिनीत जावा, एवढ्यासाठी ती असते. ती कापली की बरेचदा गुरगुर थांबते. म्हणून कितीतरी जण कापतात. गिऱ्हाईक खूश होतं आणि चहा पाजतं.

"भाऊ, ही कापायची नसते."

"अवं, सारेच कापतात."

"पण चिमटा कुठून येत होता, ते पाहिलं?"

"बंद झाला ना? मंग?"

तेवढ्यात शेठ गल्ल्यावरून ओरडले, "प्रज्ञा, कुलरमधी पानी टाक. पन अर्धंच टाक, बाप्पा. आपला नळ परवा हाय."

बादली घेऊन मी कुलरपाशी गेले. पाणी ओतलं. टाकीतलं पाणी वर चढू लागलं. पंपाची वायर, तिला मारलेला टेपचा जोड, जोडापर्यंत येऊ पाहणारं पाणी. माझा हात थांबला.

तीन-चार दिवस गुमान, मग एक दिवस चावा. कुलर बाहेर काढतात होळीनंतर. तक्रारही होळीनंतरचीच. इकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, आणि टाकी काठोकाठ भरतात ती फक्त त्या नळाच्या दिवशी. एरवी अर्धी बादली, एक बादली, पाणी जपून.

सुभाषरावांच्या कुलरच्या वायरीचा जोड टाकीत वर कुठेतरी असेल, तर तो नळाच्या दिवशीच बुडणार. करंट पाण्यात उतरणार, पाण्यातून लोखंडी टाकीत, टाकीतून अर्थिंगच्या तारेत. ती तार जमिनीत नीट पोचत असेल तर प्रश्न नाही. पण पोचत नसेल, तर तोच करंट घरभर फिरून प्रत्येक तिसऱ्या पिनमधून वर येणार. प्रीॲम्पच्या पेटीतही. म्हणजे तो डबा बिघडलेलाच नव्हता. त्या घरात एवढा एक डबाच ओरडून सांगत होता, आणि आम्ही त्याची जीभ कापून आणली होती.

मी सुभाषरावांना फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"हॅलो! अगं, एकदम साफ झाला आवाज! मी शेगावले लग्नात आलो."

"काका, तुमचा नळ कधी आहे?"

"नळ? आज हाय. दुपारून येते. काऊन?"

"कुलर कोण भरतं?"

"काकू भरते तुही. दुसरं कोन भरन?"

"काकूंना सांगा, कुलर बंद करा, प्लग काढा, टाकीला हात लावू नका. आत्ताच्या आत्ता सांगा."

"कुलरचा अन् गान्याच्या डब्याचा काय संबंध, पोरी?"

मी घाईघाईनं सांगितलं. त्यांना अर्धं पटलं असावं. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "उचलत नाही ती. नळाच्या दिवशी कोनी फोन उचलते काय? शेजारच्याले बी लावला. ते बी नळावर असतीन."

"काका, लावत राहा. मी निघते."

गोपालशेठ गल्ल्यामागून उठले. "कुठी निघाली? गिऱ्हाईक खूश हाय, तू काऊन नाराज? अन् तिथं काही नसलं तं? आपल्याच मानसानं चूक केली, हे तू गावात जाऊन सांगशीन?"

"काही नसलं तर फार बरं होईल, शेठ."

मल्टिमीटर आणि टेस्टर पिशवीत टाकला आणि स्कूटीला किक मारली. वाटेतल्या मोताळ्यापर्यंत तीनदा थांबून फोन लावला. तिन्ही वेळा नुसती रिंग. रस्त्यात एका गावात बायका हंडे घेऊन पळताना दिसल्या आणि मी स्कूटीचा वेग वाढवला. नळ आला होता. त्या गावात. धामणगावात आला असेल का? मी खरी ठरू नये, असं मला वाटत होतं. शेठनी बोलून दाखवलेली बेइज्जती झाली तरी चालेल, पण तिथं काही नसू दे.

सुभाषरावांचं अंगण ओलं होतं.

खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर घरघरत होता. सुमनकाकू पदर खोचून, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या. एका हातात नळाचा पाइप, तो टाकीत सोडलेला. दुसरा हात टाकीच्या काठाकडे चाललेला, पाणी किती चढलं ते पाहायला.

"काकू! हात लावू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून पाइप सुटला आणि पाणी माझ्याच अंगावर आलं.

"कोन व माय तू? जीव घेते काय!"

मी उत्तर न देता घरात शिरले आणि मेन स्विच खाली ओढला. कुलर थांबला.

नुसतं सांगून कुणाचा विश्वास बसत नाही. मी काकूंना कोरड्या ओट्यावर बसवलं. पायात माझे बूट होतेच. मीटरची एक वायर टाकीच्या रंग उडालेल्या काठाला चिकटवली, दुसरी फरशीच्या कडेच्या ओल्या मातीत खुपसली आणि हात काढून घेतले. मेन स्विच एवढ्यापुरता वर केला. मीटरवर एकशे ऐंशीच्या पुढचा आकडा आला. घरात येते ती वीज दोनशे तीसची. स्विच पुन्हा खाली.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे टाकीत करंट आहे, काकू. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

त्या हाताकडे पाहत बसल्या. मग हळू म्हणाल्या, "मुंग्या येत ना हाताले. नळाच्या दिवशी, कुलर भरताना. कधी जोरात झटका बी बशे. मले वाटलं, शुगरच्या मुंग्या असतीन."

"कुणाला सांगितलं नाही?"

"यायले सांगतलं ना. हे म्हने, चपला घालत जाय. डाक्टरले सांगतलं, त्यानं गोया देल्ल्या." मग बोटं चोळत म्हणाल्या, "मंग त्या गोया आता बंद करू काय?"

"गोळ्या नका बंद करू. कुलर बंद करा."

संध्याकाळी सुभाषराव लग्नाच्या कपड्यांतच परतले. गावातल्या वायरमनला बोलावून आम्ही अर्थिंगचा खड्डा शोधला. तो सापडतच नव्हता. दिवाळीआधी अंगणात गट्टू बसवले होते, म्हणजे सिमेंटचे रंगीत ठोकळे. खड्डा त्यांच्याखाली गाडला गेला होता. गट्टू उचकटले. माती भाजल्यासारखी कोरडी. आणि तार फावड्याच्या घावानं तुटलेली, तुटलेलं टोक तसंच मातीत. त्या घरातल्या एकाही तिसऱ्या पिनचा जमिनीशी संबंध उरला नव्हता.

सुभाषराव कडेला उभं राहून पाहत होते. मग काकूंकडे न पाहता बोलले, "मले चिमटा बसला तं मी दुकानात फोनावर फोन केले. मेकॅनिक बोलावला. हिले झटका बसला तं मी म्हनलं, चपला घाल."

काकू म्हणाल्या, "जाऊ द्या आता. चा ठेवते." आणि मेन बंद असल्यामुळे अंधारात आत गेल्या.

तार नवी टाकली. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला आणि वरचा गट्टू असा ठेवला की उचलून पाणी घालता यावं. कुलरच्या वायरीचा जोड काढून सलग वायर टाकली. करंट गळला की आपोआप मेन पाडणारा ईएलसीबी बसवला. प्रीॲम्पला तीन पिनचा नवा प्लग लावला. पुढच्या नळाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरली आणि सुभाषरावांनी फोन स्पीकरसमोर धरून मला गझल ऐकवली. गुरगुर नव्हती. मधल्या किमतीच्या डब्यानं आपलं काम चोख केलं होतं, आधीही आणि आताही.

गोपालशेठ म्हणाले, "बरं झालं, मानूस वाचलं. पन आता हे गावभर सांगत नको बसू." मधुकरभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नव्या प्लगांचा खोका आपटला आणि म्हणाले, "चाल. कुठी कुठी कापल्या, आठवते मले." तेव्हापासून जमेल तसे आम्ही दोघं घरोघर जातो. चहा आता कमी मिळतो.

माझे वडील आयुष्यभर पत्रकं वाटत आले. बसस्टँडवर, बाजारात, जयंतीच्या मिरवणुकीत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. ते सांगत, ज्या पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काम सांगितलेलं नाही, तो नुसता कागद. म्हणून शेठचं न ऐकता हे लिहिलं, आणि आता काम सांगते.

डॅक कोणता घ्यावा, प्रीॲम्प कोणता घ्यावा, ते नंतर ठरवा. आधी उठा. बटण बंद करून घरातल्या यंत्रांचे प्लग उपसून पाहा. तिसरी पिन कापलेली असेल, तर ते यंत्र आज लावू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आणि त्याहीआधी, तुमच्या घरात कुलर जी भरते, तिच्याकडे जा आणि विचारा, "हाताला मुंग्या येतात का?" ती "हो" म्हणाली, तर तिला चपला घाल म्हणू नका. मेन स्विच खाली ओढा.