काटेराणी माफी मागते

धाकटीला भाजीवाला सडके टोमॅटो देतो आणि धाकटी वर त्याचे आभार मानून येते. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तर ‘सॉरी’ हीच म्हणते. जन्मात कधी कुणाच्या ‘अरे’ला ‘का रे’ केलं नाही. दारावरची बेलसुद्धा अशी दाबते की आतल्याला वाटावं, चुकून हात लागला असेल कुणाचा. आणि ही बाई पोट कशावर भरते? तर पोरांना घाबरवण्यावर!

जनावरांच्या त्या कार्टून सिनेमांचे चार भाग येऊन गेलेत. साळिंदरांचं राज्य असतं. राजा धाकटा, साधाभोळा. त्याची थोरली बहीण ती काटेराणी. गादी आपल्याला मिळायला हवी होती असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटं नव्हतं. थोरली ती, अक्कल तिला, आणि मुकुट कुणाच्या डोक्यावर? जो स्वतःच्याच काट्यांवर बसतो आणि ‘आई गं’ म्हणून ओरडतो त्याच्या. मग तिनं कधी भावाला बिळात कोंडलं, कधी बांध फोडून सगळं राज्य पाण्यात घातलं, तिसऱ्या भागात तर थेट कोल्ह्यांशी हातमिळवणी केली. सिनेमा मूळचा परक्या भाषेतला. चित्र तेच राहतं, ओठ तेच हलतात, त्या ओठांत आपली भाषा बसवायची असते. काटेराणीच्या ओठांत बसलेला आवाज धाकटीचा.

“लोकांची बायको घरात वाघीण आणि बाहेर शेळी असते,” तिचा नवरा सांगतो. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक काचा लावून अक्षरं वाचत असतं तेव्हा त्याला गप्पा सुचतात. “आमची घरात शेळी, बाहेर शेळी, आणि काचेच्या खोलीत वाघीण. मला मेल्याला त्या खोलीत प्रवेश नाही.”

आवाज भरायच्या त्या काचेच्या खोलीत धाकटी शिरली तीसुद्धा मागच्या दारानं. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गर्दीत ओरडायची. ‘पळा पळा’, ‘राजाचा विजय असो’, ‘हरणांच्या कळपातलं एक हरीण’ असली कामं. काटेराणीसाठी नावाजलेल्या बायका येऊन गेल्या होत्या. प्रत्येकीनं गडगडाटी हसून दाखवलं, दात ओठ खाऊन दाखवले. डायरेक्टरचं डोकं उठलं होतं. जेवणाची वेळ झाली होती, गर्दीतल्या बायका डबे उघडत होत्या, तो दारातून ओरडला, “कुणीही या, एक वाक्य म्हणा आणि मला मोकळं करा!” सगळ्यांनी धाकटीला पुढे ढकललं. वाक्य होतं, ‘बस. बोलू नकोस. आधी ऐक.’

असं दरडावणारं वाक्य धाकटीनं कुणाला म्हटलं म्हणून नव्हतं. पण ऐकलेलं मात्र होतं, शेकडो वेळा. ज्या आवाजात ऐकलं होतं त्याच आवाजात तिनं म्हणून टाकलं. हळू. खाली. प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातलेला. डायरेक्टर खरंच खाली बसला.

तो आवाज होता तिच्या थोरल्या बहिणीचा.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेतसुद्धा जात नव्हती आणि थोरलीची शाळा संपत आली होती. ती संपलीच मग. थोरली शिवणाच्या मशीनवर बसली ती उठलीच नाही म्हणा ना. ब्लाउज, गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. नाकावर माशी बसू द्यायची नाही. माप द्यायला आलेली बाई पोट आत ओढून उभी राहिली तर थोरली टेप खाली ठेवायची आणि म्हणायची, “श्वास सोडा. कपडा घातल्यावर सोडणारच आहात.” राग जितका मोठा, आवाज तितका लहान. वरच्या पट्टीत बोलली तर समजावं, आज स्वारी खुशीत आहे. तो खालचा आवाज आला की धाकटीच काय, बाहेर चेंडू खेळणारी पोरंसुद्धा आपापल्या घरी अभ्यासाला बसायची. थोरलीनं स्वतः लग्न केलं नाही. विचारायची कुणाची छाती झाली नाही, असंही लोक म्हणतात. पण धाकटीचं लग्न मात्र हिनं लावून दिलं, दणक्यात, आणि निरोप देताना रडण्याऐवजी जावयाच्या कोटाची बाही कशी वाईट बसलीय ते त्याला सांगितलं.

तर काटेराणी हुबेहूब थोरली होती. पहिला सिनेमा लागला तेव्हा थोरलीच्या शेजारणी तोंडात पदर कोंबून हसल्या. कापडवाला दोन दिवस हिशेबाचं बोललाच नाही. सगळ्यांनी ओळखलं, एक थोरली सोडून! आपला आवाज बाहेरून कसा येतो हे ज्याचं त्याला कळतंय कुठे? सिनेमा बघून ती एवढंच म्हणाली, “बाई बरी बोलते. पण फार भाव खाते.”

धाकटीनं मूग गिळले. पुढच्या दोन भागांतही गिळूनच ठेवले.

गेल्या वर्षी थोरलीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून ‘त-त’ याखेरीज काही निघेना. धाकटीनं तिला आपल्या घरी आणलं, मशीनसकट. शब्द शिकवायला एक मुलगी यायची, चित्रं दाखवायची, कप, कंगवा, मांजर. कंगव्याकडे बघून थोरलीच्या डोळ्यांत जो संताप उतरायचा तो बघून ती बिचारी मांजराकडे वळायची. पण शब्द नाही तो नाहीच. घरात दिवसभर कुणी कुणाला रागवायचं नाही. धाकटीला ते घर खायला उठायचं. ज्या आवाजाला ती जन्मभर घाबरली, तो ऐकायला आता जीव तुटत होता.

आणि तेवढ्यात चौथा भाग आला. शेवटचा.

धाकटी काचेच्या खोलीत गेली, कानाला हेडफोन लावले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, ‘दार लावून घे आणि माझ्यासमोर उभा राहा.’ तिच्या अंगावर काटा आला. ताई बोलली होती! मग ती रोज अशी लगबगीनं कामाला जायला लागली की नवऱ्याला संशय यावा. एकेक प्रसंग एका दमात पार. डायरेक्टर खूश.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रसंगाला. कोल्हे उलटतात, राज्य जातं, राजा जखमी होऊन कितीतरी दिवस उपाशी एका बिळात पडून असतो. काटेराणी तिथे येते. भावाकडे बघत नाही, बिळाच्या भिंतीकडे तोंड करून बसते, आणि म्हणते, ‘माफ कर मला.’

एवढंच. तीन शब्द. आणि दिवसाला पन्नास माफ्या मागणाऱ्या बाईला ते जमेना! म्हणायला गेली की आवाज तिचा स्वतःचा व्हायचा, बसमधला.

“ही काटेराणी नाही,” डायरेक्टर काचेपलीकडून म्हणाला. “हिचं पाकीट मारलंय कुणीतरी.”

पुन्हा केलं, पुन्हा केलं. शेवटी तो आत आला आणि समजुतीनं म्हणाला, “शुक्रवारी एकदा बघू. नाहीच जमलं तर हा शेवटचा प्रसंग दुसऱ्या एका बाईकडून करून घेतो. रडकं छान करते ती, आवाजही जुळवून घेईल. मनाला लावून घेऊ नका.”

म्हणे मनाला लावून घेऊ नका! ताईचा आवाज जगात आता एवढ्याच ठिकाणी उरला होता. तो चार सिनेमे चालत आला आणि ऐन शेवटाला, भावाच्या उशाशी बसल्यावर, ताईच्या तोंडातून परकी बाई बोलणार? पण करणार काय? ताई रागवायची कशी, टोमणा मारायची कशी, गप्प करायची कशी, सगळं तिला पाठ होतं. ताईला माफी मागताना मात्र तिनं ऐकलंच नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं, नळ सोडला, आणि सुरू झाली. ‘माफ कर मला.’ खालच्या आवाजात. आणखी खालच्या. ‘माफ कर मला.’ किती वेळ चाललं होतं कोण जाणे. बाहेरून दारावर काठी बसली, धाडकन.

दार उघडलं तर थोरली. पलंगापासून तिथवर एकटी आली होती, भिंतीला टेकत टेकत. डोळे नुसते पेटलेले. डावा हात आधी धाकटीच्या तोंडाकडे गेला, मग स्वतःच्या छातीकडे. प्रश्न स्पष्ट होता.

“हो ताई,” धाकटी म्हणाली. तिला खोटं बोलताच येत नाही, हाही एक रोग. “तुझाच आवाज आहे. पहिल्या सिनेमापासून. मला दुसरा आवाज येतो कुठे? मला कुणाला रागवता येत नाही ताई, मी तुझा राग उसना नेते. तुझी चेष्टा नाही गं केली. खरंच नाही.”

थोरली वळली. पलंगावर जाऊन तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवण नाही, संध्याकाळी नाही. धाकटीनं वाटी नेली, परत आणली. शब्द शिकवणारी मुलगी आली, तिला दारातूनच परत पाठवलं. नवरा म्हणाला, “मी समजावून बघू का?” आणि तेवढ्या दुःखातसुद्धा धाकटीला त्याच्या कोटाची बाही आठवली. “नको,” ती म्हणाली, “तुम्ही दुकानात जा.”

गुरुवारी दुपारी ती पुन्हा मऊ भाताची वाटी घेऊन गेली. पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. पोटात काही नव्हतं, कालपासून तीही जेवली नव्हती. डोळ्यांतून मात्र पाणी थांबत नव्हतं. तिला वाटलं, आवाज तर गेलाच, आता ताईपण गेली.

पलंग करकरला. थोरली उठून बसली होती. बहिणीकडे तिनं पाहिलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीला रंग देत होते तिकडे पाहत होती, जणू त्या रंगाऱ्यांचं काहीतरी चुकतंय. आणि तसंच बाहेर बघत, डाव्या हातानं तिनं वाटी धाकटीकडे सरकवली. धाकटीला कळेना. थोरलीनं चमचा वाटीवर वाजवला. एकदा. चिडून.

आणि धाकटीला कळलं. अगं बाई! म्हणजे ताई माफी मागायची तर. आयुष्यभर मागत आली होती! लहानपणी थोबाडीत बसली की धाकटी कोपऱ्यात मुसमुसत बसायची. मशीन खडखडत राहायचं. बराच वेळ गेला की मशीन थांबायचं, आणि मान न वळवता, सुईत दोरा ओवता ओवता, ताई त्याच दरडावणीच्या आवाजात विचारायची, “जेवलीस का?” हिला वाटायचं, रागवलीये अजून.

धाकटीनं तिथेच जमिनीवर बसून ती वाटी संपवली. मग दुसरी आणली आणि थोरलीला भरवली. थोरलीनं खाल्लं, मीठ कमी होतं ते चेहऱ्यानं सांगितलंच.

शुक्रवारी काचेच्या खोलीत पडद्यावर काटेराणी बिळात आली. भिंतीकडे तोंड करून बसली. धाकटीनं समोरचा कागद पालथा घातला. ओठ हलले तसं तिनं म्हटलं, “जेवलास का?”

खाली. कोरडं. जरासं चिडून.

काचेपलीकडून डायरेक्टरचा आवाज हेडफोनात आला. “हे लिहिलेलं नाही.”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“मूळ सिनेमात ती माफी मागते.”

“मागितली की.”

त्यांनी ते परत लावून पाहिलं. ओठ जुळत होते, पण त्याचं आता कुणाला पडलं नव्हतं. मशीनवर बसणारा रेकॉर्डिस्ट, ज्यानं चार सिनेमांत ‘जरा जवळ या’ आणि ‘जरा लांब व्हा’ यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, तो उठून पाणी प्यायला गेला.

“हेच ठेवू,” डायरेक्टर म्हणाला. “आणखी एकदा म्हणून घेऊ या, जादा हाताशी असावं.”

“नाही हो,” धाकटी म्हणाली. घराबाहेर जन्मात पहिल्यांदा कुणाला नाही म्हणाली असेल. “ती दोनदा विचारत नाही.”

सिनेमा लागला तेव्हा थोरलीला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. कडेची जागा मिळाली. सभागृह पोरांनी भरलेलं. काटेराणी पडद्यावर आली की नेहमीसारखे चीत्कार, नेहमीसारखी पोरं आयांच्या कुशीत. थोरली ताठ बसून होती. या खेपेला कुणाचा आवाज ऐकतोय हे तिला ठाऊक होतं. पोरं किंचाळली की तिची हनुवटी थोडी वर जायची. लोकांना सरळ करण्यातलं सुख काही वेगळंच असतं.

मग ते बीळ आलं. काटेराणी भिंतीकडे तोंड करून बसली, आणि म्हणाली, “जेवलास का?”

आणि पुढच्या रांगेतून एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून, रडत रडत, ओरडली, “नाही जेवला तो! अगं, काही नाही खाल्लं त्यानं!”

काटेराणीला आजवर कुणी असं ‘अगं’ म्हटलं नव्हतं. मागेपुढे हुंदके ऐकू यायला लागले. नवरा चष्मा काढून पुसत होता. धाकटीनं हळूच शेजारी पाहिलं.

थोरली पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्या पोरीकडे बघत होती. तिचा डावा हात सावकाश वर आला आणि स्वतःच्या गळ्यावर जाऊन थांबला. दिवे लागले, माणसं उठली, खुर्च्या खाडखाड मिटल्या, तरी तिनं तो तिथून काढला नाही.