अल-खोबरचं लोडशेडिंग

ऐक, फोन नीट कानाला लाव. आणि आधी ते हसणं थांबव. लांबून हसायला काय लागतं? रियाधहून खोबर चार तासांचा रस्ता. तुला या देशात येऊन वर्ष झालं, पण दोन लेकरांना घेऊन एकदा मावशीकडे यायला तुला सवड नाही. आणि परवा फोनवर मी नुसतं म्हटलं, गुरुवारी सात ते साडेसात फोन करू नकोस, आमच्याकडे लोडशेडिंग असतं, तर केवढी खिदळलीस! म्हणे, "मावशी, सौदीत कसलं लोडशेडिंग?" खरं आहे तुझं. इथे वाळवंटाच्या मध्यावर रस्त्याचे दिवे रात्रभर जळत असतात, बघायला कुत्रंसुद्धा नसतं. इथे लाईट जात नाही. आमच्या मजल्यावर ती घालवावी लागते. ही पद्धत पाडली ती समोरच्या दारातल्या माणसाने. अख्ख्या अरबस्तानात लाईट जात नाही म्हणून हळहळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजाराला आला.

त्याला बिल्डिंगमध्ये सगळे 'पाहुणे' म्हणायचे, आणि ते नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं. राहायला आला त्या दिवशी मी चहाचा थर्मास आणि पोळ्या घेऊन गेले, तर म्हणतो, "काकू, आम्ही इथले पाहुणे. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, की मग गावाला." गाव कऱ्हाडच्या पुढे. आम्हीही दोन वर्षांसाठीच आलो होतो आणि त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, हे मी त्याला सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी माणसाला घाबरवू नये. तर हा पाहुणा आठ वर्षं राहिला, पण भिंतीला एक खिळा ठोकला नाही. कालनिर्णयाला भोक असतं ते कशासाठी हे त्याच्या पोरांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या घरी ते फ्रिजला टेकून उभं असायचं. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, इस्त्रीचा खोका, सगळे पलंगाखाली जपलेले. बायको शांत, पण जिभेला धार. ती म्हणायची, "काकू, आम्हा दोघांचे खोके नाही मिळाले, नाहीतर रात्री त्यातच ठेवलं असतं यांनी." तूही परवा म्हणालीस ना, दोन वर्षांसाठी कशाला पडदे लावायचे? तेव्हा मला हाच आठवला.

आता गंमत बघ. माणूस इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दिवसभर कंपनीत लाईट जाऊ नये म्हणून पगार घ्यायचा, आणि गुरुवारी घरी येऊन, बूट काढायच्या आधी मेन स्विच पाडायचा. पाडायचा म्हणजे चोरून. मग बाहेरच्या खोलीत येऊन दर गुरुवारी त्याच आश्चर्याने म्हणायचा, "अरेच्चा! लाईट गेली वाटतं!" वर स्वतःच बोर्डवाल्यांना दोन शिव्या हासडायचा. धाकटा ओरडायचा, "बाबा, आपने ही बंद किया! मैंने देखा!" की हा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "छे छे. वरूनच गेली आहे."

याला वेड म्हणून सोडून देऊ नकोस, त्याला कारण होतं. इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर ते एका सुट्टीत गावी गेले. थोरली तेव्हा सहाची, धाकटा तीनचा. पहिल्याच संध्याकाळी लाईट गेली आणि थोरलीने जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या आळीतली माणसं काठ्या घेऊन आली. अंगणातले खडे टोचतात म्हणून पाय खाली ठेवीना. मोरीतली बादली बघून विचारलं, "पण पाणी वरून कुठून येतं?" चुलतभावंडं तिला 'अरबीण' म्हणायला लागली. आजीने मांडीवर घेतलं तर अंग चोरून बसली. निघताना आजी रागाने नाही, काळजीने म्हणाली, "पुढल्या खेपेला कऱ्हाडात हॉटेलात उतरा बाबा. इथं लेकरांचे हाल होतात." बस, एवढंच. परत आल्यावर माझ्या दारात उभा राहून त्याने मला हे सांगितलं, आणि वर म्हणाला, "काकू, इथे आम्ही पाहुणे, ते ठीक आहे. पण पोरं तिथेही पाहुणी झाली, तर मग ती कुठली?" माझी दोन्ही मुलं इथेच वाढली. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं, तर त्यांनाच आधी दिलं असतं.

तेव्हापासून त्या घरात गावाची तालीम सुरू झाली. शॉवर बंद, बादली आणि तांब्या. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कसं चटके देत येतं, तुला माहीत आहे. सगळं खोबर त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडतं, आणि हा खूश! "काकू, अगदी बंबाचं पाणी!" कुठल्याशा बांधकामावरून पोतंभर खडी आणली आणि बाल्कनीत पसरली. शुक्रवारी सकाळी दोघं पोरं अनवाणी त्यावरून दहा फेऱ्या मारणार, हा कठड्याला टेकून मोजणार. बायको म्हणाली, "लोकांचे नवरे सोनं आणतात. आमचे खडी आणतात." भावाकडून म्हशीचं रेकणं फोनवर मागवलं आणि अंधारात ते लावायला लागला. खालच्या मजल्यावर एक सुदानी राहतो, फार भला माणूस. तीन गुरुवार ऐकून घेतलं, चौथ्याला वर आला आणि हळूच म्हणाला, "सादिक," म्हणजे दोस्ता, "ईद को तो अभी बहुत टाइम है." त्याला वाटलं, याने कुर्बानीचं जनावर चार महिने आधीच आणून बाथरूममध्ये बांधलंय.

शाळेतून बोलावणं आलं ते वेगळंच. थोरलीने सुट्टीच्या दिवसावर इंग्रजीत निबंध लिहिला होता: आम्ही अंधारात बसतो, नंतर आम्ही दगडांवरून चालतो, माझे वडील फार आनंदी असतात. बाई घाबरल्या. हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि सगळं समजावून सांगितलं, कऱ्हाड, बोर्ड, आजी, सगळं. बाई केरळच्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, गुरुवार को कितने बजे?"

मी त्यात कशी शिरले म्हणशील. पहिल्याच गुरुवारी त्यांच्या दाराखालची उजेडाची फट विझलेली दिसली म्हणून मी बेल दाबली. वाजली नाही. ठोठावलं, तर आतून हा ओरडला, "या काकू या, लाईट गेली आहे!" आत बघते तर चटई अंथरलेली. मध्ये कंदील. कंदील म्हणजे रमजानात दुकानादुकानांतून टांगतात तो रंगीत काचांचा फानूस, कारण आपला कंदील इथे कुठे मिळणार? बाहेर ऑगस्ट. एसी बंद, म्हणजे आपण इडलीपात्रात बसल्यासारखं. बायको खोक्याच्या पुठ्ठ्याने सगळ्यांना वारा घालत होती. "निदान खोका उपयोगी पडला," म्हणाली. मी पाच मिनिटं बसणार होते, ती साडेसातपर्यंत बसले. त्याने आजोबा विहिरीत पडल्याची गोष्ट सांगितली, मी चिपळूणच्या पुराची सांगितली. मी सातवी पास बाई, मला कोण गोष्टी विचारतो? पण पोरं सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकली. आणि मग हा उठून गेला, मेन स्विच वर केला आणि चौघंही एकदम ओरडली, "आऽऽली!" तसं ओरडायचंच असतं, हा त्याचा नियम होता. हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, दोन जिने धावत आला. पुढे त्याचीही सवय झाली. साडेसातला तो आरोळी ऐकून घड्याळ लावायचा.

अशी पाच वर्षं गेली. मी एक गुरुवार चुकवला नाही. काही महिन्यांनी थोरली अंधारात रडायची बंद झाली. मग सातला पाच कमी असताना धाकटाच फानूस आणून ठेवायला लागला. आणि शेवटी शेवटी तर हा कामावरून दमून आला आणि विसरला, तर पोरंच आठवण करायची, "बाबा, लाईट जायची वेळ झाली."

मागच्या हिवाळ्यात आजी अंगणात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. याने आठ दिवसांत ठरवलं. फायनल एक्झिट. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत, खलास. खोके पलंगाखालून निघाले, जे ज्याचं त्याच्यात गेलं. जायच्या दिवशी घरमालकाचा माणूस फ्लॅट बघायला आला. सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, एक भोक नाही, एक डाग नाही. मला विचारतो, "मॅडम, इधर कोई रहता था?" फानूस तेवढा बायकोने माझ्या हातात दिला. "काचेचा आहे, प्रवासात फुटेल. राहू दे तुमच्याकडे."

मी फोनची वाट बघत होते. कशाची म्हणशील तर निकालाची. पाच वर्षांचा अभ्यास होता, पोरं पास झाली की नाही? दहा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "काकू, आईने पोरांसाठी शॉवर बसवलाय. अंगणात फरशी घातलीय. भावाने इन्व्हर्टर घेतलाय, लाईट गेलेली कळतसुद्धा नाही. म्हणते, लेकरांना खोबरसारखं वाटलं पाहिजे." मी विचारलं, "आणि म्हैस?" तर म्हणाला, "विकली. वास येतो म्हणून पोरं येणार नाहीत, असं तिला वाटलं." मला हसू आलं, मी ते गिळलं. याने इथे गाव केलं, तिने तिथे खोबर केलं. पोरं? पोरं गप्प होती. कुणी अरबीण म्हणत नव्हतं, पण कुणी काही बोलतही नव्हतं. चुलतभावंडं मोबाईलमध्ये. धाकटा रोज विचारायचा, "घरी कधी जायचं?"

पुढचा फोन पुढच्या शुक्रवारी. आदल्या दिवशी संध्याकाळी घरातली लाईट गेली. इन्व्हर्टरसुद्धा गेला. भाऊ टॉर्च घेऊन धावला, तर मीटरपाशी स्टूल आणि स्टुलावर धाकटा. "लाईट गेली," म्हणाला. भाऊ चिडला. आजीने खाटेवरून विचारलं, "का रे बाळा?" तर म्हणतो, "आज गुरुवार आहे ना." मग आजीची खाट अंगणात आणली. चुलतभावंडं मोबाईल ठेवून आली, कारण वायफायही गेलं होतं. थोरली आजीला टेकून बसली आणि सांगायला लागली. खोबरच्या चटके देणाऱ्या पाण्याची गोष्ट, म्हशीला फसलेल्या सुदान्याची गोष्ट, चिपळूणच्या पुराची गोष्ट. ती माझी होती, पण असू दे. साडेसात वाजले तशी पोरं "आऽऽली!" ओरडली, आणि आजी म्हणाली, "पुढल्या गुरुवारी पण घालवा रे."

"काकू, पोरं अंधारात खोबरची आठवण काढत होती," तो म्हणाला. मी म्हटलं, "काढू देत. शॉवर चालू आहे ना नीट?"

समोर आता एक नवीन जोडपं आलंय, हैदराबादचं. आल्या आल्या भिंतीत आठ खिळे ठोकले, मला बरं वाटलं. आमचे हे म्हणतात, सत्तावीस वर्षं एसी चालवला, आता म्हातारपणी कसलं हे खूळ? पण सातला स्वतःच स्विच पाडायला उठतात, आणि "अरेच्चा" सुद्धा म्हणतात. एकाच गोष्टीची कमी आहे. साडेसातला आम्ही दोघंच ओरडतो, ते बरं दिसत नाही. आरोळीला पोरं लागतात.

तेव्हा तुझी दोन घेऊन ये. पडदे आपण मिळून आणू. येत्या गुरुवारी निघालीस तर उत्तम, नाहीतर त्याच्या पुढच्या, पण लवकर ये. आणि सात वाजून गेले, तर बेल दाबत उभी राहू नकोस, वाजायची नाही. दार ठोठाव.