नवऱ्याच्या नावाची जागा

वयानं मोठ्या माणसाबद्दल लिहिताना 'ते आले', 'ते म्हणाले' असं लिहावं, असं मी शाळेत मुलांना शिकवते. ज्याच्याबद्दल आता लिहायचं आहे तो माझ्या वडिलांच्या वयाचा आहे. बरीच वर्षं तो आमच्या वॉर्डाचा नगरसेवक होता आणि अख्खी गल्ली त्याला 'भाऊ' म्हणते. इथे मात्र मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. चुकून नाही, ठरवून.

बीडमध्ये आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक मोकळी जागा आहे. प्लॉट पाडले तेव्हाच ती सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली. गल्लीत तिला 'ओपन पेस' म्हणतात. मधोमध मोठा लिंब. माझ्या लहानपणी त्या लिंबाखाली आई धपाटे करायची. वडील ऊसतोडीला गेलेले असताना फडातच तापानं गेले, आणि पालीजवळचं गाव सोडून आई मला घेऊन शहरात आली. तिच्या एका बाजूला टेलर चाचांचं मशीन असायचं, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाले मामा. दुपारी गल्लीतल्या बाया तिथेच डाळ निवडत बसायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. मला शिकवलं ते त्या जागेनं, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते बोलण्यापुरतं वाटतं. पण चाचांच्या कापड बेतायच्या फळीवर मी गणितं सोडवलेली आहेत. फळीवरच्या खडूच्या रेघा माझ्या वहीला लागायच्या आणि चाचा म्हणायचे, "बेटा, तेरी वही में मेरा शर्ट आ गया." मामांकडे दुरुस्तीला आलेली सायकल ते "ट्रायल घिऊन ये जरा" म्हणून माझ्या हातात द्यायचे. त्या ट्रायलवर मी शिकवणीला जाऊन यायचे. परत आले की मामा गंभीर चेहरा करून विचारायचे, "ब्रेक लागतोय का?" आईकडे धपाटे खायला येणारे कॉलेजातले एक सर जुनी गाईडं आणून द्यायचे. यातल्या कुणीही मला कधी उपकार म्हणून काही दिलं नाही. मी तिथे होते आणि तेही तिथे होते, म्हणून मिळत गेलं. ते मी विसरले नाही, म्हणूनच पुढचं काहीही विसरले नाही.

मी नववीत असताना एका सकाळी नगरपालिकेची गाडी आली. सुशोभीकरण करायचं होतं. चाचांचं मशीन उचलून रस्त्यावर ठेवलं, मामांचा हवेचा पंप गाडीत टाकला. एक माणूस आईच्या तव्याला हात घालायला गेला तेव्हा आई घाईनं म्हणाली, "आरं दादा, तवा तापलाय, हात भाजल तुजा." तिचं सगळं उठवायला आलेल्या माणसाचा हात भाजू नये म्हणून ती ओरडली. त्या माणसानं मग फडक्यानं तवा धरला आणि फेकला. भिजवलेलं पीठ मातीत गेलं.

तो कडक इस्तरीच्या कपड्यांत बाजूला उभा होता. आई त्याच्याकडे गेली. "भाऊ, एका कडंला बसते. कुणाच्या वाटंत येत न्हाई."

"ए बाई, कावून वाद घालतीस?" तो म्हणाला. "ही जागा काय तुज्या नवऱ्यानं ठिवलीय का तुला?"

त्याच्यासोबतची माणसं हसली. आईचं कपाळ मोकळं आहे, हे त्यांना समोर दिसत होतं. हाताला चिकटलेलं पीठ ती बोटानं खरवडत राहिली. आजही कुणी हसताना खांदे उडवले की मला ती माणसं आठवतात.

मग जागेला जाळीचं कुंपण झालं. फाटक आलं, फाटकावर त्याचा फोटो, आणि फाटकाला कुलूप. आत लावलेलं गवत पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेलं आणि लिंबाखाली त्याच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. किल्ली त्याच्याकडे. त्याच्या वाढदिवसाचा मांडव तेवढा आत पडायचा. गल्लीचं तोंडच बंद झालं. दुपारी बाया दारं लावून बसू लागल्या. संध्याकाळी त्या कोपऱ्यावर टवाळ पोरं उभी राहायची, तर शिकवणीला जाणाऱ्या मुलींना घरातून सोडेनात. मामा बायपासला गेले. चाचा घरातल्या अंधारात शिवत बसले आणि त्यांची गिऱ्हाइकं रेडिमेडकडे वळली. आई टोपलीत धपाटे घेऊन बसस्टँडवर उभी राहू लागली. तिथूनही तिला हाकलायचे. त्या टोपलीवर मी पदवी घेतली, बी.एड. केलं आणि शहरातल्याच शाळेत लागले. पेढे वाटले तेव्हा सगळे म्हणाले, आता फ्लॅट घ्या, ही गल्ली सोडा. मी सोडली नाही. मला तो रोज दिसायला हवा होता.

सूड कसा घ्यायचा हे मला बरीच वर्षं सुचलं नाही. अर्ज केले. ते कुठे गेले कळलं नाही. मग अलीकडच्या एका उन्हाळ्यात गल्लीत बातमी आली, की तो त्या जागेवर गाळे बांधणार आहे. शटरवाले, रस्त्याकडे तोंड केलेले. एकदा ते उभे राहिले असते तर ती जागा कायमची गेली असती. फाटकावर गाळ्यांच्या चित्राचा फ्लेक्सही लागला. त्याच दिवसांत शहराला पाणी देणारा पालीचा तलाव आटला होता, टँकर सुरू झाले होते आणि निवडणूक तोंडावर होती.

मी त्याच्या घरी गेले. खाली मान घालून म्हणाले, "भाऊ, वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई ठिवायची म्हणतेय. तुमच्याच हस्ते करावं, अशी आईची लई इच्छा हाय."

त्यानं मला ओळखलं नाही. आपण ज्यांना उठवलं त्यांना ओळखायची त्याला सवय नव्हती. "कुठं ठिवती?"

"फाटकाच्या आत. लिंबाची सावली हाय, पाणी गार राहतंय."

त्यानं कपाळाला आठी घातली. पण आमच्या जिल्ह्यात, आणि तेही असल्या उन्हाळ्यात, पाण्याला नाही म्हणणारा पुढारी नसतो. "ठिव की," तो म्हणाला. "पर माजा फोटू लाव मोठा."

मी मोठाच लावला. फोटोच्या खाली वडिलांचं पूर्ण नाव, त्याच्यापुढे 'यांच्या स्मरणार्थ'. ती पाटी मी फ्लेक्सची केली नाही. दगडावर कोरून घेतली आणि लिंबाच्या ओट्यात बसवली.

उद्घाटनाला गल्ली लोटली. त्यानं नारळ फोडला, रांजणातलं पहिलं पाणी स्वतः प्यायला आणि माइक हातात आल्यावर त्याला राहवलं नाही. "काही लोक माज्यावर आरोप करत्यात," तो गरजला. "मी सांगतो, ही जागा कुणाच्या बापाची न्हाई! ही जागा सगळ्यांची हाय! हितं बसणाऱ्याला कुणी उठवून दाखवावं!"

मामांनी बायपासवरून येऊन सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग गल्लीनं इतक्या टाळ्या वाजवल्या, की तो भारावून गेला. त्याच्याच कार्यकर्त्यांनी ते भाषण मोबाइलवर घेतलं आणि सगळ्या ग्रुपवर पाठवलं. मला वेगळं काही करावं लागलं नाही.

पाणपोईला कुलूप घालता येत नाही, म्हणून फाटक उघडं राहिलं. रांजण भरायला, पाणी द्यायला कुणीतरी हवं, म्हणून आई तिथे बसू लागली. आल्यागेल्याला नुसतं पाणी देणं तिला पटेना, मग गुळाचा खडा आला. काही दिवसांनी ती म्हणाली, "गुळानं कुठं पोट भरतंय?" आणि स्टोव्ह आला, तवा आला. चाचा एके दुपारी पाणी प्यायला म्हणून आले आणि मशीन घेऊनच आले. कुणी हटकलं तर म्हणायचे, "पानी पीने को बैठा हूँ. अभी प्यास बाकी है." मामा पंपासकट परतले. भाजीवाल्या दोघी, एक न्हावी, चपला शिवणारा एकजण, असे सगळे तहानलेले लोक त्या लिंबाखाली गोळा झाले. बायांनी डाळीची सुपं बाहेर काढली. संध्याकाळी मुली तिथूनच शिकवणीला जाऊ लागल्या, कारण आता त्या कोपऱ्यावर डोळे होते. टवाळ पोरांना बायांनी एकदाच विचारलं, "कुणाचा रं तू?" ती पुन्हा दिसली नाहीत. उन्हामुळे त्याच्या गाड्यांना सावली हवी होती, पण उभ्या करायला जागा उरली नाही.

निवडणुकीत तो निवडून आला. पाऊसही आला. आणि लगेच त्यानं माणसं पाठवली. आता पाणपोईचं काय काम, रांजण उचला, ओटा मोकळा करा.

माणसं आली ती घाटनांदूरकडची, ऊसतोडीच्या घरातली. त्यातल्या म्हाताऱ्यानं रांजणाचं झाकण काढून पाहिलं आणि हात मागे घेतला. "भरलेला हाय की," तो म्हणाला. आमच्याकडे भरलेला रांजण पालथा घालत नाहीत. पाणी संपू द्यायचं, मगच मडकं हलवायचं. "रिकामा झाला की येतो," असं सांगून ते गेले.

त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. हात जोडले नाहीत, काही समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "रांजण रिकामा होऊ द्यायचा न्हाई." त्यांना कळलं. नळाला पाणी आलं की पहिली कळशी रांजणात. नळाला पाणी नसलं, तर स्वतःच्या पिण्यातलं. भर पावसातही आमचा रांजण काठोकाठ असायचा. माणसं यायची, झाकण उचलायची, आईच्या हातचं धपाटं खायची आणि जायची. एकदा तो म्हातारा हसत म्हणाला, "मावशी, तुमचा रांजण काय आमच्या हयातीत संपत न्हाई."

शेवटी तो स्वतः आला. गाडीतून उतरताच त्या माणसांवर ओरडला, "बे, बघता काय? उचला! पानी ओता रस्त्यावर!"

कुणी हललं नाही. चाचांनी मशीन थांबवलं. बायांच्या हातातली सुपं थांबली. भाजीवालीच्या नातवानं मोबाइलवर ते भाषण मोठ्या आवाजात लावलं, "हितं बसणाऱ्याला कुणी उठवून दाखवावं!" आणि मागे आमच्याच टाळ्या.

त्याचा आवाज एकदम उतरला. "मावशी," तो आईला म्हणाला. ए बाईची मावशी झाली होती. "लई झालं आता. जागा मोकळी करा."

आईनं तव्यावरचं धपाटं उलटलं. स्टोव्ह बारीक केला, पदराला हात पुसले. मग ओट्यावरच्या दगडाकडे बोट केलं.

"तुमी इचारलं होतं ना भाऊ, नवऱ्यानं ठिवलीय का म्हणून," ती म्हणाली. "वाचा की. ठिवलीय. तुमीच नारळ फोडलाय."

त्याला आठवलं. तेव्हाच त्यानं पहिल्यांदा आईचा चेहरा नीट पाहिला आणि मग माझा. मी कुणाची आहे, पाणपोई कशासाठी होती, हे सगळं त्याच्या तोंडावर एकापाठोपाठ एक उमटत गेलं. त्यासाठी मी नववीपासून थांबले होते.

मग आईनं जे केलं ते मला तेव्हा आवडलं नव्हतं. तिनं ग्लास भरला, गुळाचा खडा घेतला आणि त्याच्यासमोर धरला. मला वाटलं, याला कशाला? पण तो घेणार नाही असं होऊच शकत नव्हतं. सगळी गल्ली बघत होती, त्याचीच माणसं बघत होती. तो माझ्या वडिलांच्या नावासमोर उभा राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. तेव्हा मला समजलं, आईला सूड माझ्यापेक्षा चांगला घेता येतो.

गाळ्यांचा फ्लेक्स पुढे कधीतरी उतरला. त्याचं कापड चाचांनी मशीनवर छत म्हणून ताणलं आहे. शटरच्या चित्राखाली बसून ते शिवतात.

लोक मला म्हणतात, मॅडम, झालं ना मनासारखं, आता सोडून द्या. मी सोडलेलं नाही. त्याचं घर आमच्या गल्लीच्या पुढे आहे आणि दुसरा रस्ता नाही. शाळा सुटली की मी लिंबाखाली जाते, एक कळशी माझ्या हातानं रांजणात ओतते आणि थांबते. त्याची गाडी आली की काच वर जाते. मी हात उंच करून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारते, आणि तेवढ्यापुरतं आदरार्थी बहुवचन वापरते:

"या की भाऊ, पाणी घ्या!"