अक्कांनी घातलेली वेणी

लेकीच्या केसांना खोबरेल लावताना त्या वासाने धुळ्याच्या कोविड आयसीयूतली एक दुपार आठवली. सकाळपासून तीन पेशंट गेले होते. पीपीई किट उतरवून, आता नर्सची नोकरी सोडायचीच असं ठरवून मी जिन्यावर बसले होते. वॉर्डातल्या सफाई कामगार अक्का साक्रीकडच्या. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि माझे घामट केस मोकळे केले.

"अक्का, हात नका लावू मला."

"रड माय, मी आठेच शे." इथेच आहे म्हणत त्या तेल चोळू लागल्या.

कित्येक दिवसांनी कुणीतरी हातमोज्याविना मला शिवलं होतं. मी पोटभर रडले. वेणी झाल्यावर पुन्हा आत गेले. नोकरी टिकली.

ते तिन्ही देह अक्कांनीच गुंडाळले होते. त्यांना कसं वाटतंय, हे मी कधी विचारलंच नाही.