कागदावरचे चार स्क्रू

काकू टॅबलेट उघडायला घेतात तेव्हा आधी एक कोरा कागद पुढे ओढतात. त्यावर टॅबलेटएवढा चौकोन काढतात. वरच्या कडेला एक बाण, बाणाशी 'वर' असं लिहितात. मग जिथला स्क्रू निघेल तिथेच, कागदावरच्या चौकोनात, चिकटपट्टीवर तो टेकवतात. शेजारी बारीक अक्षरात शेरा. 'घट्ट होता.' 'डोकं झिजलंय.' 'हा बुटका.' काम झालं की कागदाची घडी पत्र्याच्या डब्यात जाते. सहा वर्षांचे कागद आहेत त्यात.

ही सवय कारखान्यातली नाही. कारखान्यात त्या बावीस वर्षं रेडिओ जुळवायच्या, त्यातली एकोणीस वर्षं फक्त मागचं झाकण. सहा स्क्रू, सगळे एका मापाचे. "डोकं घरी ठेवून गेलं तरी चालायचं," काकू म्हणतात. कारखाना बंद पडला. भाच्याने टाकून दिलेला एक टॅबलेट घरात होता. काकूंनी तो उघडला, पुन्हा मिटला आणि तो कायमचा गेला. लांब स्क्रू बुटक्याच्या भोकात गेला होता. त्याचं टोक बोर्डात उतरलं आणि आतल्या केसासारख्या तारा तुटल्या. त्या दिवसापासून कागद.

दुकान जिन्याखाली आहे. पुढे त्यांचे यजमान, म्हणजे काका, कव्हरं आणि चार्जर विकतात. गिऱ्हाईक त्यांनाच विचारतं, हे दुरुस्त होईल का. काका काच पुसत सांगतात, "मला नका विचारू. मी फक्त पुसायला आहे. डोकं आत बसलंय."

त्याच जिन्याने वर गेलं की तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केलं, नोकरी शोधतेय. दुपारी काकूंच्या टेबलासमोर स्टुलावर बसते. त्या काम करतात, मी बघते. आमची मैत्री एवढीच आहे आणि ती पुरते. माझी एक खोड दोघांना माहीत आहे. लिहिलेलं काहीही दिसलं की मी वाचते. औषधाची चिठ्ठी, खोक्यावरच्या सूचना, काहीही. "हिला जेवायला नसलं तरी चालेल, वाचायला काहीतरी टाका," काका म्हणतात.

त्या दिवशी एक बाई वडिलांना घेऊन आल्या. वडील पूर्वी टपाल कचेरीत पत्रं निवडायचे. दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं. बोलणं टॅबलेटवर चालतं. पडद्यावर चित्रांचे चौकोन, बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. शब्द मुलीच्या आवाजातले आहेत. तिनेच एकेक करून भरले.

"कुठला चौकोन कुठे हवा ते बाबांनी ठरवलं," ती म्हणाली. "कपाटातले कप्पे असतात ना पत्रांचे, तसं. माझं डोकं फिरायची वेळ आली होती."

बॅटरी फुगली होती. टॅबलेटची काच एका बाजूने वर आली होती.

"यातलं दुसऱ्या टॅबलेटमध्ये घेता येत नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही. ते ॲप बनवणाऱ्यांनी कधीच दुकान गुंडाळलं. हा गेला तर बाबांना पुन्हा पहिलीपासून."

वडील दोघींकडे आळीपाळीने बघत होते. काकूंनी टॅबलेट बंद केला तेव्हा त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि खाली बघितलं.

काकूंनी काचेच्या कडेवर गरम पिशवी ठेवली. गोंद मऊ झाल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवली. भाकरी उलटताना जेवढा जोर लावतात त्याहून कमी. काच उचलली गेली. बॅटरीच्या जोडणीवर एक पत्रा होता, त्याला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. कागदावर पहिल्या तिघांशेजारी काकूंनी काही लिहिलं नाही. चौथ्याशी लिहिलं, 'हा बुटका'.

मग बॅटरी सोडवण्याचं काम. ते हळू चालतं, कारण फुगलेल्या बॅटरीला टोक लागून चालत नाही. अर्धा तास गेला. कागद टेबलाच्या माझ्या बाजूला होता, अक्षरं उलटी. मी तो फिरवला, वाचला आणि तसाच ठेवला. फिरवल्याचं माझ्याही ध्यानात राहिलं नाही.

नवी बॅटरी बसली. पत्रा बसला. स्क्रू बसले, काच बसली. टॅबलेट सुरू झाला. वडिलांनी बोट ठेवलं.

"छान," टॅबलेट म्हणाला. मग, "भूक."

मुलगी हसली. "बघा, आवाज आला की आधी हेच."

तिने पिशवी उघडली. काकू कागदाची घडी घालायला लागल्या आणि थांबल्या. बाण त्यांच्या पोटाकडे होता. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, एकदा सरळ, एकदा उलटा.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "मला परत उघडावा लागेल."

"का? चालतोय की."

"एक लांब स्क्रू बुटक्याच्या जागी गेलाय. आज चालतोय. कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. चूक माझी."

"कागद मी फिरवला," मी म्हणाले. "वाचायला."

"फिरवलास तू. पण स्क्रू लावले कोणी?" काकूंचा आवाज चढला नाही. "गप बस आता."

मुलीचा चेहरा उतरला. "आणि उघडताना काही झालं तर?"

"होऊ शकतं. काच एकदा निघालीय. दुसऱ्यांदा ती तेवढी ऐकत नाही."

"मग राहू द्या ना. चालतंय ते कशाला..."

पुढून काका आत डोकावले. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

काकूंनी खुर्ची वळवली आणि वडिलांसमोर नेली. दुकानात आल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"भाऊ, तुमचा आहे हा," काकू म्हणाल्या. "न उघडता न्यायचा तर न्या. महिना चालेल, वर्षभर चालेल, उद्या बंद पडेल. उघडला तर मी आत काय झालंय ते बघते, पण काच बिघडू शकते. तुम्ही सांगा."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मी इतक्या कादंबऱ्या वाचल्या, एका शब्दासाठी कोणी एवढं थांबलेलं मला आठवत नाही. त्यांचं बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं. शेवटी बरणीच्या झाकणाचं चित्र होतं, तिथे टेकलं.

"उघड," टॅबलेट म्हणाला.

"बाबा, नीट विचार करा."

"उघड." त्यांनी स्वतःच कडेचं बटण दाबून तो बंद केला आणि काकूंच्या हातात दिला.

काकू मला म्हणाल्या, "दिवा धर. हलवू नकोस."

पुन्हा पिशवी, पुन्हा पट्टी. या वेळी काचेच्या खालच्या कडेशी बारीक कट असा आवाज झाला. काकूंचा हात थांबला. मुलीने वडिलांचा खांदा धरला. मग पट्टी पुढे सरकली.

स्क्रू निघाला. काकूंनी भिंग डोळ्याला लावलं, मग ते मुलीकडे दिलं, मग वडिलांच्या डोळ्यापुढे स्वतः धरलं. बोर्डाचा हिरवा रंग खरवडला होता आणि एक तांब्याची रेघ उघडी पडली होती. तुटली नव्हती.

"टॅबलेट दोनदा हातातून पडला असता तर ही रेघ गेली असती," काकू म्हणाल्या. त्यांनी रेघ झाकायला तिच्यावर लेपाचा थेंब सोडला, तो वाळू दिला. बुटका बुटक्याच्या जागी लावला. लावताना प्रत्येक स्क्रू कागदावरून उचलला, भिंगाखाली धरला आणि माप मोठ्याने सांगितलं. मी फक्त दिवा धरला.

टॅबलेट सुरू झाला. शब्द सगळे होते. पण सगळ्यात खालची ओळ बोट ठेवलं तरी बोलेना.

"काचेची कड गेली," काकू म्हणाल्या. "नवी काच मागवते. आली की दोन दिवस टॅबलेट इथे ठेवावा लागेल."

वडिलांनी वरच्या ओळीतल्या चौकोनावर बोट ठेवलं. "नाही."

"बाबा, दोन दिवसांचाच प्रश्न आहे."

"नाही. नाही."

"ऐकलं," काका पुढून म्हणाले. "स्पष्ट आहे."

खालच्या ओळीत चार शब्द होते. 'चहा', 'थांब', 'खिडकी', 'दुखतंय'. वर तीनच चौकोन रिकामे होते. मुलगी सेटिंगमधल्या यादीतून भराभर ते शब्द वर हलवायला लागली तेव्हा वडिलांनी तिचं मनगट बाजूला केलं. कुठलं पत्र कुठल्या कप्प्यात हे त्यांनाच ठरवायचं होतं. काकूंनी पुढचं काम हातात घेतलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, काकांनी त्याला संध्याकाळी बोलावलं.

'थांब' पहिल्या रिकाम्या जागी गेला. 'चहा' त्याच्याखाली. तिसऱ्या जागेशी ते अडकले. 'खिडकी'वर बोट, 'दुखतंय'वर बोट. मग त्यांनी 'खिडकी'चं चित्र मुलीला दाखवलं आणि ती जागा दाखवली.

"आणि 'दुखतंय' काढायचं?" मुलगी म्हणाली. "खरंच दुखलं तर मला कसं कळणार?"

त्यांनी तोंड वाकडं केलं. चेहऱ्याची डावी बाजू अशी आवळली की डोळा मिटला. उजवी बाजू शांत राहिली.

"एवढं तर मी बोलूनही सांगत नाही," काका म्हणाले.

काकूंना हसू आवरलं नाही. मुलगीही हसली आणि तिने तो शब्द काढून टाकला. वडिलांनी नवे तीन चौकोन एकेकदा दाबून बघितले. थांब. चहा. खिडकी. तिन्ही बोलले. काकूंनी तिन्ही वेळा मान हलवली.

मग वडिलांनी आणखी एक दाबला.

"चल," टॅबलेट मुलीच्याच आवाजात म्हणाला, आणि मुलगी उठली.